निरोगी माणसाचं काम

"काका, पाय जरा सैल सोडा ना," ती मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली, आणि तिसऱ्यांदा त्याने पाय सैल सोडला. मनापासून सोडला. तपासणीच्या उंच टेबलाच्या कडेला तो बसला होता, पँट गुडघ्यांच्या वर दुमडलेली, दोन्ही पाय खाली लोंबत होते. मुलीने रबरी हातोडी उचलली आणि गुडघ्याच्या वाटीखाली, जिथे मारायची अगदी तिथेच मारली. टप्प असा आवाज आला. पाय होता तिथे राहिला. तिने दुसऱ्या गुडघ्यावर मारून पाहिलं, तर तोही गप्प. मुलीचा चेहरा पडला. ही तिची परीक्षा होती, आणि आजच्या कागदावर 'उजवा खांदा दुखतो, बाकी सर्व ठीक' असं लिहिलंय हे त्याला माहीत होतं, मागे खुर्चीत बसलेल्या परीक्षकांना माहीत होतं आणि तिनेही बहुधा ताडलं होतं. तरी धीर करून तिने लिहिलं, दोन्ही गुडघ्यांना प्रतिसाद नाही. घंटा झाली. परीक्षक हसत उठले. "काका, आज तुम्ही खांद्याचे. गुडघ्यांचे पुढच्या आठवड्यात!" सगळे हसले, तोही हसला, आणि हसता हसता म्हणाला, "तिचे मार्क कापू नका हं. तिने लिहिलंय ते बरोबर आहे." परीक्षकांना वाटलं, काका चूक कबूल करतायत. काकांनी चूक केलीच नव्हती. त्यांनी काहीही केलं नव्हतं, आणि पाय उडाला नव्हता.

त्याचा धंदा कुणाला सांगितला की लोक आधी हसत, मग आवाज खाली आणून खरंच का म्हणून विचारत. तो रुग्णाचं काम करायचा. एरवी सकाळी छापखान्यात मुद्रितं तपासायची, आणि महिन्यातले आठ-दहा दिवस वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन टेबलावर पडायचं. शिकणाऱ्या मुलांना खऱ्या रुग्णाला हात लावण्याआधी कुणावर तरी हात बसवावा लागतो. तो कुणीतरी म्हणजे हा. संयोजक बाई आदल्या आठवड्यात कागद पाठवायच्या. वय, व्यवसाय, काय दुखतं, कधीपासून दुखतं, घरी कोण कोण, काय विचारलं तर सांगायचं आणि काय विचारल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही. तो ते कागद पाठ करायचा, आणि त्यात शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर दुरुस्त करून परत पाठवायचा, त्यामुळे संयोजक बाई त्याला थोड्या वचकून असत. अकरा वर्षांत त्याला मूतखडा झाला होता, आंत्रपुच्छ सुजलं होतं, छातीत कळा आल्या होत्या; लग्न न करता तो दोनदा विधुर झाला होता. नेमून दिलेला आजार तो इमानेइतबारे भोगायचा आणि पाच वाजता बरा होऊन घरी जायचा. जन्मभर धड प्रकृती असलेल्या माणसाला आजाराची जी एक हौस असते ती त्याला नव्हती. त्याच्या घरात एक आजार होऊन गेला होता, आणि तो पुरेसा होता.

बाबा टेलिफोनच्या तारा जोडायचे. खांबावर चढायचे, कमरेला पट्टा बांधून मागे रेलायचे आणि खालून कुणी हाक मारली तर एक हात सोडून हलवायचे. पन्नाशीत एकदा ते सकाळी तोंड धुताना बेसिनवर आपटले. डोळ्यांना साबण लागू नये म्हणून डोळे मिटले आणि थेट पुढे गेले. दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा त्यांना डॉक्टरकडे नेलं. तो एकोणीस वर्षांचा होता, ताई तेवीसची. दोघंही त्या खोलीत भिंतीशी उभे होते, डॉक्टरांनी बाबांच्या गुडघ्यांवर हातोडी मारली आणि पाय हलले नाहीत. "संपावर गेलेत," बाबा म्हणाले. कुणी हसलं नाही म्हणून ते स्वतःच हसले. पुढे ते पाय उंच उचलून फटाफट आपटत चालायला लागले, नजर कायम जमिनीवर, पाऊल कुठे पडतंय ते डोळ्यांनी पाहत. "डोळे मिटले की मला पाय नसतात," असं ते एकदा अगदी साधेपणाने म्हणाले होते, आज भाजी नाही असं सांगावं तसं. नऊ वर्षं त्यांनी काढली, शेवटची तीन खुर्चीत. पण त्याच्या डोक्यात राहिलं होतं ते त्या पहिल्या दिवशी डॉक्टर दारापर्यंत येऊन हळूच बोलले ते वाक्य. अशा नसा कधी कधी घराण्यात चालतात, मुलांनी लक्ष ठेवलेलं बरं. लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. त्याने आपल्या परीने ठेवलं. ताईने काय केलं ते त्याने कधी विचारलं नाही. तिचं एकच पालुपद होतं, माझे पाय ठणठणीत आहेत, तू तुझं बघ. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती दिवसभर कटिंगच्या टेबलाशी उभी असायची, आणि पाय ठणठणीत असल्याशिवाय तसं उभं राहता येत नाही हे त्यालाही पटायचं.

आणि तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, त्याची हुकमी भूमिका तीच झाली. महाविद्यालयातल्या पहिल्याच वर्षी संयोजक बाईंनी सगळ्या नकली रुग्णांना गोळा करून विचारलं, नसांचा आजार झालेला माणूस कसा चालतो ते कुणाला जमेल का? दोघा-तिघांनी लंगडून दाखवलं. मग तो उठला आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. कसलीही तयारी नव्हती. पाय उंच, फटाफट, मान खाली. टाळ्या पडल्या. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. पण भूमिका त्याला मिळाली, आणि ती शिकवायला नसांच्या विभागाच्या मोठ्या मॅडम स्वतः आल्या. ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई, चष्मा दोरीने गळ्यात. चालणं तुमचं सहीसही उतरलंय, त्या म्हणाल्या, फक्त गुडघे घात करतायत, ते उडतात. या आजारात उडता कामा नयेत. आणि त्याला समोर बसवून त्यांनी ती सगळी भानगड समजावून दिली, जी पुढे टेबलावर पडल्या पडल्या त्याने शंभरदा ऐकली. वाटीखाली एक जाड दोरी असते, मांडीच्या स्नायूला हाडाशी बांधणारी. तिच्यावर टपली मारली की स्नायू केसभर ताणला जातो. स्नायूच्या आत बारीक बारीक राखणदार बसलेले असतात. ताण पडला रे पडला की ते बोंब ठोकतात. बोंब नसेवाटे पाठीच्या कण्यात पोचते आणि तिथूनच उलट टपाली हुकूम सुटतो, आखड! स्नायू आखडतो, पाय उडतो. मेंदूला हे सगळं उरकल्यावर कळतं. "मग मी कसं थांबवणार?" त्याने विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, मेंदूला विचारत नाहीत हे खरं, पण मेंदू वरून दम देऊन ठेवू शकतो. शिवाय मांडीच्या मागचा स्नायू हळूच धरून ठेवा, म्हणजे पुढचा कितीही उसळला तरी पाय जागचा हलत नाही. फक्त धरलेलं दिसता कामा नये. घोट्यांचं त्याला कधीच जमलं नाही, कुणालाच जमत नाही म्हणे, म्हणून परीक्षेत घोट्यांच्या जागी 'प्रतिसाद नाही' असं लिहिलेलं कार्ड दाखवायचं ठरलं. गुडघ्यांचा मात्र त्याने महिनाभर घरी लाकडी चमच्याने सराव केला. वर्षभरात इतकं अंगवळणी पडलं की मुद्दाम काही करावं लागेना. हातोडी दिसली की पाय गप्प व्हायचा. आज मात्र खांद्याचं काम होतं आणि त्याने पाय धरला नव्हता. धरला असता तर त्याला कळलं असतं ना? या एका प्रश्नापाशी तो जिन्यावरच थबकला, हातात दुमडलेला खांद्याचा कागद, आणि खालून येणाऱ्या माणसाला वाट द्यायचं भान त्याला राहिलं नाही.

पुढचे तीन दिवस त्याने स्वतःचं मुद्रित तपासण्यात घालवले. ज्याचा हा धंदा असतो त्याला चूक शोधू नकोस म्हणून सांगून भागत नाही. शोधली की ती सापडतेच. डाव्या अंगठ्याला मुंग्या आल्यासारखं वाटलं. छापखान्याच्या पायरीला बूट अडला, कधी न अडणारा. तोंड धुताना त्याने डोळे उघडे ठेवले आणि साबणाने ते चुरचुरले, लाल झाले, मग मालकाने विचारलं, झोप झाली नाही का? एका पुस्तकाच्या मलपृष्ठावर लेखकाचं आडनावच चुकलेलं त्याच्या नजरेतून सुटलं, आणि हे मालकाच्या लक्षात आलं याचं त्याला काही वाटलं नाही, यानेच तो जास्त घाबरला. घरी आला की तो पलंगाच्या कडेला बसायचा, पाय लोंबते सोडायचा आणि जाड शब्दकोशाच्या कडेने गुडघ्याखाली मारायचा. पाय हलायचा नाही. मग तो मनाशी म्हणायचा, मीच धरतोय, सवय आहे. मग म्हणायचा, धरत असतो तर कळलं नसतं? आपण धरतोय की आपल्यात धरायला काही उरलंच नाही, या दोन गोष्टी आतून हुबेहूब सारख्या असतात, हे त्याला या तीन दिवसांत समजलं, आणि हे समजण्यासारखं वाईट काही नव्हतं. यातच कुठेतरी तो विचार आला जो येणारच होता. अकरा वर्षं बापाची नक्कल करून टाळ्या घेतल्यास. आता खरं करून दाखव. त्याला स्वतःचा राग आला, असल्या हिशेबावर त्याचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसताना भीती वाटत नाही असं थोडंच आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई आली. तिच्याकडे त्याच्या घराची किल्ली असायची आणि बेल वाजवायची तिला सवय नव्हती. दारातच ती थांबली. तो पलंगावर, पँट वर दुमडलेली, हातात शब्दकोश, दोन्ही गुडघ्यांखाली लालभडक वळ.

"हे काय चाललंय, छोट्या?" अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला ती अजून छोट्याच म्हणायची. "गुडघ्यांना भाषा शिकवतोयस?"

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, परीक्षा, मुलगी, बूट, अंगठा. ताईने मधे एकदाही तोंड घातलं नाही, हेच मुळात नवल. ती उभ्याची खुर्चीत बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून ऐकत राहिली. मग एकदम चिडली. "तीन दिवस? तीन दिवस तू इथे बसून स्वतःला पुस्तकाने बडवतोयस, आणि तिकडे त्या बाईचा नसांचा अख्खा विभाग पडलाय? उद्या जायचं. मी येते."

"तू कशाला? तुझं काम आहे."

"तू जातोस की दारातून परत फिरतोस ते बघायला. मला काय तू माहीत नाहीस?" ती बरोबर बोलत होती. त्याने दारातून परत फिरायचंच ठरवलं होतं.

मोठ्या मॅडमनी त्याला सकाळी पहिल्या वेळेला घेतलं. ताई बाहेर बाकावर बसली. आत चल म्हटलं तर नको म्हणाली, मला तो औषधांचा वास सहन होत नाही. मॅडमच्या खोलीत तो आजवर शेकडो वेळा गेला असेल, पण टेबलावर चढताना पहिल्यांदाच त्याच्या खिशात कागद नव्हता. काय बोलायचं ते माहीत नव्हतं. मॅडमनी चष्मा चढवला. "बोला, आज काय होतंय?" हे त्यांनी सवयीने विचारलं, आणि मग त्याचं तोंड पाहून हसू आवरलं. त्याने परीक्षेचं सांगितलं. आणि मग, जे अकरा वर्षांत त्याने इथे कुणालाही सांगितलं नव्हतं ते, बाबांचं. बेसिन, खांब, ती खुर्ची.

"म्हणजे ते चालणं," त्या म्हणाल्या, "ते तुमच्या वडिलांचं होतं."

"हो."

"आणि मी सगळ्यांना सांगत फिरते, आमच्याकडे एक फार वरच्या दर्जाचा नट आहे."

"नट मी अगदीच सुमार आहे, मॅडम."

त्यांनी मान हलवली, आणि कामाला लागल्या. डोळे मिटायला लावले, मग कापसाने, टाचणीने तळवे तपासले. ठोकला की गुणगुणत राहणारा धातूचा चिमटा पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला आणि थांबला की सांगा म्हणाल्या. तो हाडातल्या त्या बारीक गुणगुणीच्या मागे सगळं लक्ष एकवटून गेला, ती विझत विझत गेली आणि तो म्हणाला, थांबला. त्यांनीही त्याच क्षणी थांबला म्हटलं. पायाची बोटं वर-खाली करून कुठल्या बाजूला ते विचारलं. एकही चुकलं नाही. मग उभं केलं. पावलं जुळवून, डोळे मिटून. त्यांनी दोन्ही हात त्याच्याभोवती धरले, न लावता. इथे बाबा पडायचे. तो अंधारात उभा होता आणि शरीर किंचित पुढे कललं, आणि पोटऱ्यांमधून काहीतरी त्याला मागे ओढत होतं. मागे कललं, पुन्हा कुणीतरी सावरलं. तो काहीच करत नव्हता. कुणाला न विचारता, कुणाकडे आभार न मागता, पायातले राखणदार आपापलं काम करत होते. आयुष्यभर करत आले होते, आणि त्याने एकदाही त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. "उघडा डोळे," मॅडम म्हणाल्या. त्याला उघडावेसे वाटेनात.

मग त्यांनी त्याला खुर्चीवर गुडघे टेकून, पाठमोरं, पावलं मागे लोंबती ठेवून बसवलं. भिंतीकडे तोंड. ही काही सभ्य माणसाने बसायची रीत नव्हे, पण तो बसला. टाचेच्या वर हातोडी पडली. त्याला काही दिसलं नाही, पण पाऊल झटकन खाली गेल्याचं कळलं. दुसरंही गेलं. "ऐका आता नीट," मॅडम मागून म्हणाल्या, "तुमच्या वडिलांच्या आजारात आधी हे जातं. घोटा जातो, मग गुडघा. गुडघा गेला आणि घोटा मागे शाबूत राहिला, असं नसतं होत. वडिलांचा आजार तुम्हाला नाहीये." तो तसाच भिंतीकडे तोंड करून, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून राहिला आणि रडला. आवाज न करता, पण भरपूर. मोकळं वाटलं, इतकं की हसायला येत होतं; अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या खुर्चीवर गुडघे टेकून, बाईंकडे पाठ करून रडतोय. मॅडमनी त्याला घाई केली नाही. त्या टेबलावरचे कागद उगाच सारखे करत होत्या.

गुडघे मात्र अजूनही उडेनात. परत टेबलावर बसवून त्यांनी मारून पाहिलं, बोलत बोलत मारलं, डोळे मिटायला लावून मारलं. नाही. मग त्यांनी डाव्या हाताचा तळवा त्याच्या मांडीखाली सरकवला, आणि उजव्या हाताने हातोडी उचलली. "हां. धरलंत."

"नाही धरलं. शप्पथ."

"माझ्या हाताला कळतंय. हातोडी वर गेली की इथे दोरी ताणली जाते. तुम्हाला नाही कळणार. अकरा वर्षांची मेहनत आहे ती, आणि शिकवली मी. म्हणजे गुन्हा माझाच."

सोडायचा प्रयत्न त्याने केला. मॅडमचा हात सांगत होता की जितका तो सोडतोय तितकं ते आवळतंय. शेवटी त्या वैतागल्या, हातोडी खाली ठेवली, आणि मग त्यांना काहीतरी सुचलं. औषधांची चिठ्ठी लिहायचं पॅड त्यांनी पुढे ओढलं. "तुम्हाला कागदाशिवाय काही जमत नाही. थांबा, कागद देते. निरोगी माणूस. हे काम तुम्हाला कधी मिळालंय?"

त्याने आठवून पाहिलं. कधीच नव्हतं मिळालं. खांदेदुखीचा माणूससुद्धा खांद्याने आजारीच होता. "वय?" त्याने विचारलं. सवयीचा प्रश्न.

"अठ्ठेचाळीस. व्यवसाय... काय हवाय?"

"हाच असू दे. मुद्रितशोधक."

"बरं. तक्रार काही नाही. नोकरीसाठी प्रमाणपत्र हवंय म्हणून आलाय, आणि कंटाळलाय, कारण बाहेर तासभर बसला. झोप चांगली. भूक चांगली."

"घरी कोण?"

"एक बहीण."

"आई?"

"आई मागेच गेली, म्हातारपणाने."

"वडील?" तो म्हणाला, आणि म्हणाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय विचारलं. मॅडमनी वर पाहिलं नाही, लिहीत राहिल्या. "वडील आहेत. वय अठ्ठ्याहत्तर. प्रकृती उत्तम. रोज सकाळी चालत जाऊन भाजी आणतात, आणि नको तितकी आणतात. यावरून घरात वाद." त्यांनी कागद फाडून त्याच्या हातात दिला. "वाचा, पाठ करा, आणि पाच मिनिटांनी मी तुम्हाला तपासायला येते."

त्या खरंच खोलीतून बाहेर गेल्या. तो टेबलाच्या कडेला कागद धरून बसला. भूमिका पाठ करताना तो नेहमी माणसाच्या घरापासून सुरुवात करायचा, आजार शेवटी. दार उघडलं आणि बाबा आले. टोपी घातलेली, दोन्ही हातांत दोन पिशव्या, एकीतून पालेभाजीची जुडी बाहेर आलेली. अठ्ठ्याहत्तरचे बाबा त्याने कधीच पाहिले नव्हते, आणि तरी त्यांना बघायला त्याला काही कष्ट पडले नाहीत. गाल बसलेले, कानावर केस, खांबावर चढणाऱ्या माणसाची ती रुंद मनगटं. जिन्यावर त्यांचं पाऊल वाजत होतं, साधं, माणसासारखं, टाच आधी मग बोटं. ते खाली बघत नव्हते. "बाबा, एवढं कोण खाणार?" तो म्हणाला. "खाल रे," बाबा म्हणाले आणि पिशव्या ठेवायला वळले, आणि वळताना भिंतीला हात लावला नाही. तो निरोगी माणूस चिडला. दर सकाळी हेच. ताईला फोन करायला हवा, अर्धी भाजी घेऊन जा म्हणून. दार वाजलं, कुणीतरी बाई आत आल्या, काय होतंय विचारलं, काही होत नाही म्हणाला, सही हवीय फक्त, बाहेर तासभर बसवलंत. त्या काहीतरी पुटपुटल्या, बसल्या, आणि त्याचा पाय उडाला. इतका उडाला की मॅडमच्या मांडीवरचं पॅड उडून कपाटाखाली गेलं. दुसरा पायही उडाला. तो लोंबत्या पायांकडे बघत राहिला. "पुन्हा मारा," तो म्हणाला. त्यांनी मारलं. "पुन्हा." मॅडम हसत होत्या, डोळ्यांत पाणी होतं की काय कुणास ठाऊक, चष्म्यामुळे कळत नव्हतं. "गुडघ्यांचं काम आता दुसऱ्या कुणाला देऊ," त्या म्हणाल्या. "हा कागद मी ठेवू का?" त्याने विचारलं. "तुमचाच आहे," त्या म्हणाल्या, "चुका असतील तर दुरुस्त करा."

बाहेर ताई त्याच बाकावर होती. तिने त्याच्याकडे नाही, आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. "काही नाही, ताई," तो म्हणाला. "मला काहीच नाही. मीच धरून ठेवले होते." तो तिच्या शेजारी बसला आणि सगळं सांगत सुटला, चिमट्याची गुणगुण, खुर्ची, कपाटाखाली गेलेलं पॅड. बाबांच्या भाजीचं सांगितलं तेव्हा ती तोंडावर पदर धरून हसली, आणि पदर तिथेच राहिला. त्याला वाटलं होतं, आता ती म्हणेल, सांगितलं नव्हतं मी? आणि उठेल. ती उठली नाही.

"चल ना. जेवू कुठेतरी."

ताईने पर्स बाजूला ठेवली. लांबवर कुणी स्ट्रेचर ढकलत होतं, ते वळणाआड जाईपर्यंत ती थांबली. मग तिने एक पाय दुसऱ्यावर टाकला, साडी जराशी वर सारली आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "मार."

"काय?"

"ते काय मारतात ते. मार ना, छोट्या."

एकोणतीस वर्षांपूर्वी त्या खोलीत दोघंही भिंतीशी उभे होते. दोघांनीही ऐकलं होतं. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, पण आज पहिल्यांदा ते त्याला खरंच उमगलं. "तू कधीच...?"

"कधीच नाही. पोटात दुखतंय म्हणून गेले तरी आधी विचारते, गुडघे तपासणार का. हो म्हणाले तर उठते." तिचा आवाज भांडताना असतो तसा होता. "पन्नाशी झाली तेव्हा तू केक आणलास. मी सबंध वेळ एकच मोजत होते, बाबांचं याच वर्षी सुरू झालं. पुढचं वर्षही मोजलं. आता हे."

"आत चल. मॅडम आहेत, पाच मिनिटांचं काम. घोटाही बघतील."

"जाईन. आधी तू मार. परक्या माणसासमोर नाही उडाला तर मी काय करू?"

तो बाकावरून उठून तिच्यासमोर उकिडवा बसला. जागा त्याला डोळे मिटूनही सापडली असती. मांडीखाली हात दिला तर ती लाकडासारखी आवळलेली होती. सैल सोड असं तो म्हणाला नाही. ते म्हणून काही होत नाही, हे या इमारतीत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. "आज दांडी मारलीस, टेबलावर कोण आहे तुझ्या?" त्याने विचारलं.

"कोण असणार, तोच, इस्त्रीवाला. परवा त्याला म्हटलं, बाबा रे, हे कापड सुलटं लाव, साठ सदरे जायचेत, तर हा शहाणा मला म्हणतो, बाई, दोन्ही बाजू सारख्याच तर..."

हाताच्या कडेने त्याने मारलं. ताईचा पाय उडाला, तिची चप्पल सुटली आणि समोरच्या भिंतीवर आपटून दाराशी पडली. पलीकडच्या बाकावरचे गृहस्थ दचकून जागे झाले. ताई आपल्या अनवाणी पावलाकडे बघत होती.

"मी नाही हलवला," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"खरंच नाही हलवला रे मी. मी बोलत होते."

"माहीत आहे, ताई."

तिने डोळे पुसले नाहीत. पाय खाली घेतला, दुसरा त्याच्यावर टाकला, साडी सारखी केली. तो चप्पल आणायला उठत होता, तिने खांद्याला धरून त्याला खाली बसवलं.

"राहू दे ती," ती म्हणाली. "आता हा."